मेडिक्लेमच्या पंगतीत हा पंक्तिप्रपंच कशाला? अर्थमंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. अर्थमंत्री मॅडम, आणि सीबीडीटीमधले (म्हणजे इन्कम टॅक्सचा कारभार बघणाऱ्या मंडळातले) जे कुणी साहेब लोक हे वाचतील ते,

नमस्कार. मी साधा पगारदार माणूस आहे, टीडीएस कापूनच पगार हातात येतो त्यामुळे टॅक्स बुडवायची सोय नाही, आणि हे पत्र टॅक्स कमी करा म्हणून रडगाणं गायला लिहितोय असंही नाही. उलट पुढे एका ठिकाणी मी तुम्हाला टॅक्स लावा असंच सांगणार आहे, ज्यावरून माझ्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या खाऊन झाल्यात, एकाने तर हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते तुझ्याकडे बघून कळलं असं लिहिलं. तरी लिहितोय, कारण कंपनीने भरलेला मेडिक्लेम आणि स्वतः भरलेला मेडिक्लेम, दोन्ही बाजूंनी राहून बघितलंय.

सहा वर्षं मी एका मोठ्या कंपनीत होतो. तिथे ग्रुप मेडिक्लेम (सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून कंपनीने काढलेला आरोग्य विमा) होता, पाच लाखांचा, मी, बायको आणि दोन मुलं. प्रीमियम कंपनी भरायची. किती भरायची हे सहा वर्षांत एकदाही कळलं नाही, ना सॅलरी स्लिपवर ना फॉर्म १६ वर (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा वार्षिक दाखला), एचआरला एकदा विचारलं तर म्हणाली सर तुम्हाला कशाला हवंय, तुमच्या पगारातून थोडंच जातंय. (माझ्या कामाच्या बदल्यात नाही तर कशाच्या बदल्यात भरतात, कंपनीने काय अन्नछत्र उघडलंय का, पण असो.) त्या प्रीमियमवर मला एक रुपयाही टॅक्स नव्हता. कारण कायद्याने आधी सांगितलंय की मालकाने दिलेल्या सोयीसवलती म्हणजे पर्क्विझिट्स पगारात धरायच्या, आणि लगेच खाली अपवाद दिलाय की कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा प्रीमियम मालकाने भरला तर तो धरायचा नाही. जुन्या १९६१ च्या कायद्यात हे कलम १७(२) मध्ये होतं. चांगली गोष्ट आहे, मी पण सहा वर्षं खाल्लीच की.

मग मी नोकरी बदलली आणि एका छोट्या डिझाइन कन्सल्टन्सीत आलो. मालक धरून आम्ही पाच जण. ग्रुप पॉलिसीचं विचारलं तर ब्रोकर म्हणाला किमान सात डोकी तरी लागतात, पाचात होत नाही. मग काय, स्वतःची पॉलिसी घेतली. आमच्या चौघांचा दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच कव्हर), वर्षाला ३१,००० रुपये, आणि आईवडिलांची वेगळी पॉलिसी, वडील ६९ आणि आई ६४, दोघांना शुगर आणि बीपी, तिचे ७८,०००. एकूण १ लाख ९ हजार. आणि इथे पहिल्यांदा लक्षात आलं की न्यू रिजीममध्ये (कमी रेटची नवी टॅक्स पद्धत) ८०डी, म्हणजे स्वतः भरलेल्या मेडिक्लेम प्रीमियमची वजावट, नाहीच. म्हणजे हे १ लाख ९ हजार मी आधी टॅक्स भरून मग उरलेल्या पैशातून भरायचे. माझा वरचा स्लॅब २०% चा, सेस धरून २०.८%, म्हणजे १ लाख ९ हजार हातात यायला मला जवळजवळ १ लाख ३७ हजार ६०० रुपये कमवावे लागतात. माझ्या जुन्या शेजारच्या टेबलवरच्या माणसाला मात्र त्याच्या कुटुंबाच्या प्रीमियमवर शून्य टॅक्स. हॉस्पिटल तेच, कॅशलेसचा काउंटर तोच, डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) मेलची वाट बघत बसायची ती प्लास्टिकची खुर्ची पण तीच.

इथे कुणीतरी म्हणणारच की मग ओल्ड रिजीममध्ये जा ना, तिथे ८०डी आहे. केलं मॅडम ते गणित पण केलं. माझा पगार १८ लाख, होम लोन नाही, घर स्वतःचं असल्याने एचआरए म्हणजे घरभाड्याची सवलत नाही. ओल्ड रिजीममध्ये ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, ८०सी चे (पीएफ, एलआयसी वगैरे बचतीचे) पूर्ण दीड लाख, आणि ८०डी चे माझे २५,००० अधिक सीनियर सिटिझन आईवडिलांचे ५०,००० असे ७५,०००, एवढं सगळं वजा करून टॅक्स येतो २ लाख ८० हजार ८००. न्यू रिजीममध्ये फक्त ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा करून येतो १ लाख ५० हजार ८००. फरक बरोब्बर १ लाख ३० हजार. म्हणजे ७५,००० ची वजावट मिळवायला १ लाख ३० हजार जादा भरायचे, असला व्यवहार कोण करेल? ज्यांना मोठा एचआरए आहे, लोन आहे, त्यांचं जमत असेल, बाकीच्यांसाठी ८०डी आता शोकेसमध्ये ठेवलेल्या कपबशीसारखं आहे, आहे पण चहा त्यात मिळत नाही. २०२० च्या बजेटमध्ये न्यू रिजीम आली तेव्हा ती ऐच्छिक होती, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट झाली, आणि २०२५ च्या बजेटमध्ये तुम्ही १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य केल्यावर तर लोक तिकडे जाणारच होते. त्याबद्दल तक्रार नाही. स्लॅब खरंच चांगले केलेत.

आता जी गोष्ट सांगतो ती ऐकून मला रात्री झोप लागली नव्हती, रागाने नाही, हसू येत होतं. माझा सीए म्हणाला अरे तू असं कर, मालकाला सांग माझा पगार ३१,००० ने कमी कर, आणि माझ्या मेडिक्लेमचा प्रीमियम तू मला रीइम्बर्स कर. कारण त्याच अपवादात पुढे असंही आहे की कर्मचाऱ्याने स्वतः घेतलेल्या पॉलिसीचा प्रीमियम मालकाने भरून दिला तरी तो पगारात धरायचा नाही. न्यू रिजीममध्ये पण नाही. बघा म्हणजे, पॉलिसी तीच, नंबर तोच, माणसं तीच, रक्कम तीच, मालकाच्या खर्चात एक पैशाचा फरक नाही, माझ्या कामात फरक नाही. मी सरळ माझ्या खात्यातून भरले तर ते माझं उत्पन्न आणि त्यावर टॅक्स, आणि तेच पैसे मालकाच्या खात्यातून गोल फिरून आले की ते उत्पन्नच नाही. काशीला जाऊन आल्यासारखे पवित्र होऊन येतात. ३१,००० वर ६,४४८ रुपये वाचतात, एका व्हाउचरवर सही करून.

आईवडिलांचं विचारलं तर सीए म्हणाला ते नाही जमणार, कारण या अपवादात आईवडील कुटुंबात तेव्हाच बसतात जेव्हा ते तुझ्यावर पूर्णपणे किंवा मुख्यतः अवलंबून असतील, आणि तुझ्या वडिलांना एफडीचं व्याज आहे, एका ब्लॉकचं भाडं आहे. ८०डी मध्ये मात्र आईवडील अवलंबून असले पाहिजेत अशी अट नाही. म्हणजे एका कलमात माझे वडील माझे वडील आहेत आणि दुसऱ्यात ते कुटुंबाबाहेरचे. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले बरोबरच आहे, मी कुणावर अवलंबून नाही! त्यांना त्यातही अभिमान.

आणि हे एकट्या मेडिक्लेमचं असतं तर मी म्हटलं असतं राहून गेलं असेल नजरचुकीने, पण एनपीएसचं, म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टिमचं बघा. मालकाने एनपीएसमध्ये पैसे टाकले तर न्यू रिजीममध्ये बेसिकच्या १४% पर्यंत वजावट आहे, मी स्वतः टाकले तर ओल्ड रिजीममध्ये जे जादा ५०,००० मिळायचे ते इथे नाहीत. न्यू रिजीम आणताना आम्हाला सांगितलं गेलं की वजावटी, सवलती, कागदपत्रं सगळी कटकट बंद, सरळ कमी रेट. पटलं होतं मला, खरंच, कारण मी तो जमाना बघितलाय जेव्हा मार्च आला की अर्धं ऑफिस मेडिकलची बिलं गोळा करत फिरायचं, १५,००० च्या मेडिकल रीइम्बर्समेंटसाठी, खोकल्याच्या औषधाची एवढी बिलं लागायची की अख्खी बिल्डिंग क्षयरोगी वाटावी. २०१८ च्या बजेटमध्ये ते बंद करून ४०,००० चं सरसकट स्टँडर्ड डिडक्शन दिलं ते उत्तम झालं. पण मग सोपं करायचं तर सगळ्यांसाठी करा ना. इथे झालंय असं की वजावटी फक्त माणसाने स्वतः भरलेल्या गेल्या, मालकाच्या हातून आलेल्या राहिल्या. ज्याला मोठा मालक आहे त्याला सवलत पण आणि कमी रेट पण, ज्याला मालकच नाही त्याला फक्त रेट. पंगतीत एकाच्या पानावर तूप आणि दुसऱ्याला सांगायचं की तूप आरोग्याला वाईट, याला आमच्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात.

हे सगळं फक्त पाच-दहा हजारांच्या टॅक्सबद्दल असतं तर मी एवढं टाइप करत बसलो नसतो. मला जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. सवलत मालकाच्या पॉलिसीला चिकटवली की माणूस स्वतःची पॉलिसी घेतच नाही, म्हणतो कंपनीची आहे की, डबल कशाला भरू, आणि वर ते भरलेले पैसे टॅक्समध्ये पण दिसणार नाहीत. माझे वडील असेच. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढली, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, त्यात शुगर-बीपी सगळं पहिल्या दिवसापासून कव्हर, कधी विचारच केला नाही. २०१४ साली ५८ व्या वर्षी रिटायर झाले, हार-तुरे झाले, चांदीचा गणपती मिळाला, आणि त्याच रात्री बारा वाजता मेडिक्लेम संपला. म्हणजे शरीर कुरकुरायला लागायच्या नेमक्या मुहूर्तावर. मग बाहेरची पॉलिसी घेतली, शुगर-बीपी आधीचं म्हणून चार वर्षांचं वेटिंग, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम नाही. २०१७ मध्ये, तिसऱ्या वर्षी, अँजिओप्लास्टी करावी लागली. क्लेम रिजेक्ट, कारण हृदयाचं दुखणं जुन्या बीपीशी संबंधित. एफडी मोडली. कंपनी किंवा विमेवाले कुणी खोटं वागलं असं मी म्हणत नाही, छापलेलं होतं सगळं, आम्हीच वाचलं नव्हतं. पण हाच माणूस जर पस्तिसाव्या वर्षी स्वतःची छोटी पॉलिसी घेऊन ती चालवत राहिला असता तर वेटिंग केव्हाच संपलेलं असतं, नो क्लेम बोनस साठलेला असता, आणि नोकरी गेली काय राहिली काय पॉलिसी त्याचीच असती. आता विमा नियामक आयआरडीएआयने एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलंय, बरं झालं, पण साठीच्या माणसाला तीन वर्षं पण फार लांब असतात.

आणि फक्त रिटायरमेंट नाही हो. ले-ऑफ झाला की पहिल्या मेलमध्ये लॅपटॉप परत करा आणि दुसऱ्यात मेडिक्लेम अमुक तारखेपर्यंत. कित्येक जण केवळ आईच्या डायलिसिससाठी नावडती नोकरी धरून बसलेत, मी असे दोघं जवळून ओळखतो. आजारपणाचं संरक्षण नोकरीला बांधून ठेवणं हीच मुळात उलटी गोष्ट आहे, कारण मोठं आजारपण आलं की पहिल्यांदा नोकरीच जाते. आणि त्या बांधलेल्या दोरीला तुम्ही टॅक्सची सवलत देऊन अजून एक गाठ मारता.

बरं, तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. जुलै २०२४ मध्ये गडकरी साहेबांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, की विम्याच्या प्रीमियमवरचा १८% जीएसटी म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच टॅक्स लावल्यासारखं आहे, ते निवेदन त्यांच्याकडे नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेकडून आलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले काही होणार नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीत निर्णय झाला, २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य. पत्रं लिहून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो (अर्थात ते मंत्री आहेत आणि मी नाही, हा फरक आहेच). गंमत म्हणजे ग्रुप पॉलिसीवर जीएसटी १८% तसाच ठेवला. म्हणजे जीएसटीत वैयक्तिक पॉलिसी लाडकी आणि ग्रुप सावत्र, इन्कम टॅक्समध्ये ग्रुप लाडकी आणि वैयक्तिक सावत्र. एकाच मंत्रालयाची दोन खाती एकमेकांशी बोलतात की नाही?

आणि सगळ्यात वाईट हाल मधल्यांचे. जुन्या कंपनीत आईवडिलांना ॲड करता यायचं, पण त्यांचा प्रीमियम आमच्या पगारातून कापायचे, माझे वर्षाला ४२,००० जायचे. त्याच ग्रुप पॉलिसीवर, त्याच टीपीएच्या ॲपमध्ये, माझ्या नावापुढचा प्रीमियम टॅक्स फ्री आणि आईच्या नावापुढचा टॅक्स भरलेल्या पैशातून, त्यावर न्यू रिजीममध्ये ८०डी नाही, आणि ग्रुप म्हणून वर जीएसटी पण.

तर माझी मागणी. आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देतो: मालकाने भरलेला मेडिक्लेमचा प्रीमियम हे उत्पन्न आहे का? आहे. माझ्या मते आहेच. माझ्या कामाच्या मोबदल्यात मला मिळालेली, पैशात मोजता येणारी गोष्ट आहे, कंपनी तो खर्च म्हणून स्वतःच्या नफ्यातून वजा करते, मग कुणाचं तरी उत्पन्न असायला हवंच ना. तेव्हा धरा ते पगारात. फॉर्म १६ वर एक ओळ टाका, मालकाने भरलेला आरोग्य विम्याचा प्रीमियम इतके रुपये. आणि मग खाली वजावटीत, न्यू रिजीम असो की ओल्ड, सगळ्यांना सारखी एक मर्यादा द्या, समजा ५०,००० स्वतःच्या कुटुंबासाठी आणि ५०,००० आईवडिलांसाठी. प्रीमियम कुणी भरला हा प्रश्नच विचारायचा नाही. कंपनीने भरला, मी भरला, अर्धा अर्धा भरला, चालतंय. मर्यादेच्या वर जे जाईल त्यावर टॅक्स. ८०डी ची २५,००० ची मर्यादा २०१५ च्या बजेटमध्ये ठरलेली आहे, तेव्हापासून ती तिथेच बसलीय आणि माझा प्रीमियम दर रिन्यूअलला पळतोय, तेव्हा ५०,००० म्हणजे मी काही चंद्र मागत नाहीये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं तेव्हा जे आलं त्यातले निम्मे मेसेज इथे लिहिण्यासारखे नाहीत. एकाने मात्र खरा मुद्दा काढला, की ग्रुप पॉलिसीत माणशी प्रीमियम ठरवणार कसा, कंपनी तर सगळ्यांचा मिळून एक चेक देते, त्यात बावीस वर्षांची पोरं पण असतात आणि पंचावन्न वर्षांचा मॅनेजर पण, वयाप्रमाणे वाटला तर म्हाताऱ्यावर आणि आजारी माणसावर टॅक्स जास्त बसेल. बरोबर आहे त्याचं, आणि असं झालं तर ते वाईटच होईल, कंपन्या वय बघून माणसं घ्यायला लागतील (म्हणजे आत्ता घेत नाहीत असं नाही). त्यावर माझं उत्तर असं की सरासरी काढा, एकूण प्रीमियम भागिले कर्मचारी, सगळ्यांच्या फॉर्म १६ वर एकच आकडा. कंपनीच्या गाडीचं पर्क्विझिट ठरवताना तुम्ही इंजिन १६०० सीसीच्या वर की खाली एवढंच बघून ठरावीक रक्कम धरताच की, तिथे कुणी किती किलोमीटर फिरला याचा हिशोब मागत नाही. साध्या तीन-पाच लाखांच्या ग्रुप कव्हरचा सरासरी प्रीमियम मर्यादेच्या आतच बसेल असा माझा अंदाज आहे, म्हणजे बहुतेकांना नवा टॅक्स काहीच लागणार नाही. लागेल तो वरच्या मजल्यावरच्या साहेबांना, ज्यांच्या पॅकेजमध्ये स्वीट रूम आणि परदेशातले उपचार असतात. त्यांनी भरावा.

दुसरा म्हणाला की कंपन्या ग्रुप मेडिक्लेम बंदच करतील. मला नाही वाटत. कंपनीला त्याची वजावट मिळतेच, ती काढा असं मी म्हणत नाही, आणि घाऊक भावात, वेटिंग न लावता कव्हर मिळणं हा ग्रुपचा खरा फायदा आहे, तो टॅक्सवर अवलंबून नाही. ईएसआयसीला (कमी पगाराच्या कामगारांची सरकारी विमा योजना) मात्र हात लावू नका. तिथे महिना २१,००० पर्यंतचा पगार असलेली माणसं आहेत, ती टॅक्सच्या कक्षेत येतच नाहीत, उगाच कागद वाढवायचा आणि मालकाला एक निमित्त द्यायचं.

बाहेरच्या देशांचे दाखले देणारे पण बरेच भेटले. अमेरिकेत मालकाने भरलेला आरोग्य विमा टॅक्समधून मोकळा आहे, पण तो कुणी विचार करून केला नव्हता, दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा द्यायला सुरुवात केली, १९४३ मध्ये टॅक्सवाल्यांनी तो मोकळा धरला आणि १९५४ मध्ये कायद्यातच घातला. मग सगळा देशच नोकरीच्या विम्यावर बसला. २०१० च्या कायद्यात महागड्या पॉलिसींवर ४०% टॅक्स ठेवला होता, २०१८ पासून लागणार होता, पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०१९ मध्ये लागू न होताच रद्द झाला, इतकी लोकांना सवय लागली होती. म्हणून म्हणतो, आपल्याकडे अजून तेवढी सवय झालेली नाही, आत्ताच नीट करा. एक गोष्ट मात्र त्यांची घेण्यासारखी आहे, तिथे मालकांना विम्याचा एकूण खर्च पगाराच्या वार्षिक फॉर्मवर दाखवावा लागतो, टॅक्स नसला तरी. किमान माणसाला कळतं की आपल्या नावावर किती जातात. ब्रिटनमध्ये उलट आहे, मालकाने दिलेला खासगी मेडिकल इन्शुरन्स तिथे सरळ करपात्र सोय धरतात, पण तिथे मागे १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा उभी आहे, खासगी विमा ही हौस आहे. आपल्याकडे मेडिक्लेम हौस नाही. सिव्हिलमध्ये बेड मिळत नाही म्हणून माणूस तो घेतो. तेव्हा ब्रिटनसारखा टॅक्स लावायचा आणि वजावट द्यायची नाही असं अर्धंच उचलू नका, ही भीती मला खरंच आहे, कारण अर्धंच उचलायची आपली परंपरा जुनी आहे.

माझ्याच मागणीतली एक खोट पण मीच सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. वजावटीचा फायदा वरच्या स्लॅबला जास्त. २५,००० ची वजावट ३०% वाल्याला सेस धरून ७,८०० वाचवते, १५% वाल्याला ३,९०० आणि १२ लाखांच्या आत ज्याचा टॅक्स आधीच शून्य आहे त्याला काहीच नाही. म्हणजे रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, शिवणकाम करणारी बाई, यांना माझ्या या सगळ्या पत्राचा उपयोग शून्य. त्यांना जीएसटी शून्य झाल्याचा फायदा झाला असेल, महात्मा फुले योजना आहे, आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे, ७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता ते ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय, माझ्या वडिलांना पण लवकरच मिळेल. पण मनापासून विचाराल तर वजावटीऐवजी प्रीमियमच्या ठरावीक टक्के रक्कम सरळ टॅक्समधून कमी करा, आणि ज्याचा टॅक्सच नाही त्याला ती रिफंड म्हणून द्या, हे जास्त न्यायाचं. महाग पडेल का, पडेल. म्हणून तर वरच्या मजल्याच्या पॉलिसीवर टॅक्स लावा म्हणतोय, काहीतरी तिकडून निघेल. सगळं निघेल असा दावा नाही.

१९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, भाषा सोपी केली, कलमांचे नंबर बदलले, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं. एवढं सगळं घर रंगवलं तर ही एक भिंत का सोडली ते मला कळलेलं नाही.

आपला,
एक करदाता (आधी ग्रुप, आता रिटेल)

ता. क. पत्र लिहून झाल्यावर आमचा मालक त्या रीइम्बर्समेंटला हो म्हणाला. पुढच्या एप्रिलपासून माझे ३१,००० त्याच्या खात्यातून फिरून येतील आणि टॅक्स फ्री होतील, वडिलांचे नाही. म्हणजे माझं अर्धं काम झालं. हे सगळं ऐकून आमच्या खालचा इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मालक, तीस वर्षं स्वतःच्या गल्ल्यावर बसणारा माणूस, मला विचारत होता की मी कुणाकडून रीइम्बर्स करून घेऊ? त्याला काय सांगू ते तेवढं कळवा.